लांबची गाठ

प्रितीचा हात हलका आहे, असं नायगाव-परळमधली आजारी माणसं एकमेकांना सांगतात. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी ती सकाळी घरोघर जाऊन रक्त काढते. हाताला पट्टा आवळायचा, कोपराच्या खळगीत दोन बोटं ठेवायची आणि क्षणभर गप्प व्हायचं. डोळ्यांना न दिसणारी शीर तिच्या बोटांना लागते. सुई कधी आत गेली ते समोरच्याला गप्पांच्या नादात कळतही नाही.

ही बोटं तिला आईकडून आलेली. वडील, रामदास, इमारतींना बाहेरून रंग लावायचे. गच्चीवरून दोरखंड सोडायचा, त्याला फळी टांगायची आणि तिच्यावर बसून एकेक मजला खाली यायचं, असं ते काम. संध्याकाळी आई तो दोरखंड मांडीवर घ्यायची आणि वीत वीत चाचपत जायची. कुठे पीळ सुटलाय, कुठे तंतू तुटलाय, बघायची. वडील हसायचे तिला. ते कधी पडले नाहीत. म्हातारे होऊन स्वतःच्या खाटेवर गेले. पण तेवढी वर्षं आई कधी दुपारी शांतपणे जेवली असेल, असं प्रितीला आठवत नाही. जिन्यात कुणाची घाईची पावलं वाजली की आईचा घास हातातच राहायचा.

आपल्याला असला संसार नको, एवढं प्रितीने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. म्हणून राजरत्नचं स्थळ आलं तेव्हा तिला बरं वाटलं. लिफ्टचा मेकॅनिक. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, कामावरून आला की आपल्या आईशेजारी बसून चहा पिणारा. लग्नानंतरची बारा-पंधरा वर्षं तशीच सरळ गेली. मुलगी झाली, मनवा. सासू कौसल्याबाई हाताशी होत्याच. प्रिती दुपारी पोटभर जेवायची आणि घटकाभर आडवी व्हायची.

मग तो कॅप्टन भेटला.

प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत हितेंद्र नावाचा पायलट, खांद्याला माणसाएवढी पिशवी लटकवून, घामाघूम उभा होता. राजरत्नने त्याला बाहेर काढलं आणि सहज विचारलं, "एवढं काय आहे ह्यात?"

"काईट."

"पतंग? एवढा मोठा?"

"तो माणसाला ओढतो. पायाखाली फळी घ्यायची आणि पाण्यावरून सुटायचं. पोहता येतं तुला? मग चल रविवारी. दाखवतो."

राजरत्न पालिकेच्या तलावात पोहायला शिकलेला, शाळेत असताना बक्षिसंही घेतलेली. तो गेला. कीर्ती कॉलेजच्या मागे, समुद्रकाठच्या वाळूत हितेंद्रने कमानीसारखी ती काईट हवा भरून उभी केली, आणि चाळिशीला टेकलेला राजरत्न तिच्याकडे बघतच राहिला. एक पूर्ण हिवाळा तो वाळूत आपटत शिकला. पुढच्या वर्षी हितेंद्रची बदली परदेशात झाली. जाताना त्याने आपली जुनी, नऊ चौरस मीटर कापडाची काईट राजरत्नच्या हवाली केली.

"एकट्याने कधी उडवायची नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या टोकाला भरवशाचं माणूस पाहिजे."

ते माणूस म्हणजे प्रिती. सकाळची फेरी आटोपून ती मोकळी व्हायची, आणि समुद्रावरचा वारा दुपारनंतरच उठायचा. तिला नाही म्हणायला कारण नव्हतं. शिवाय दूर घरी बसण्यापेक्षा समोर असलेलं बरं, असं तिला वाटलं.

एका टोकाला तो, कमरेला पट्टा बांधून, हातात आडवी दांडी धरून. दुसऱ्या टोकाला ती, काईटची कड धरून. मधे चार दोऱ्या, तिमजली चाळीच्या उंचीपेक्षाही लांब. मधल्या दोन दोऱ्यांवर त्याचा भार. कडेच्या दोन मागच्या दोऱ्या वळवायच्या आणि जोर कमीजास्त करायच्या. ह्या मागच्या दोऱ्या काईटला जिथे अडकवायच्या, तिथे काईटच्या दोन्ही टोकांना लोंबणाऱ्या नाड्यांवर बोटभर अंतरावर तीन-तीन गाठी होत्या. सगळी गंमत त्या गाठींत. काईटच्या जवळच्या गाठीला दोरी अडकवली की ती आखूड होते, काईट वाऱ्यासमोर छाती काढून उभी राहते आणि माणसाला जोरात खेचते. वारा मंद असेल तेव्हा ही गाठ. लांबच्या गाठीला अडकवली की दोरी सैल पडते, काईट मान टाकते, वारा तिच्यावरून निसटून जातो. वारा माजला की ही. एरवी मधली.

दोऱ्या ताणून ताणून लांबतातही, आणि चारही सारख्या लांबत नाहीत. म्हणून दर महिन्याला त्या एका खांबाला बांधून ओढून बघायच्या. हे सगळं हितेंद्रने तिला शिकवलं, आणि तिच्या बोटांनी ते लगेच उचललं. दोरी फिरवताना कुठे साल निघालीय ते तिला न बघता कळायचं.

"प्रिती बोलली ना ठीक आहे, म्हणजे ठीक आहे," राजरत्न चौपाटीवरच्या गणपतला सांगायचा. गणपत जीवरक्षक, टेहळणीच्या मचाणावर बसायचा.

तो जानेवारीतला दिवस होता. वारा चांगला होता, वायव्येकडून तिरका येणारा, किनाऱ्याच्या कडेकडेने नेणारा. राजरत्नने लाटेवर फळी आपटली आणि तो वर उठला. प्रितीने त्याला घसरताना पाहिलं होतं, पडताना पाहिलं होतं. असा हवेत लटकलेला कधी पाहिला नव्हता. पाय पाण्यापासून सुटले आणि वर वर जात राहिले, आणि मग तो तिथे थांबला. खरंच थांबला, असं तिला वाटलं. मग हळूच खाली आला आणि ओरडला, आनंदाने. ती आवाज ऐकत उभी राहिली. तिच्या तळहातांना घाम फुटला होता आणि तोंडात पितळेची चव आली होती.

घरी जाताना तो बोलत होता. कमी बोलणारा राजरत्न दादरपर्यंत बोलतच होता. "वर गेल्यावर आवाजच नसतो प्रिती. काहीच नसतो. तुला सांगून नाय कळणार."

पुढच्या रविवारी त्याने तिकडून हात करून ओरडून सांगितलं, "मधली!"

प्रितीने काईटचं टोक गुडघ्यावर घेतलं. मधल्या गाठीशी नेलेला दोरीचा फास तिने पुढे सरकवला आणि लांबच्या गाठीला आवळला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग काईट उचलून धरली आणि अंगठा वर केला.

त्या दिवशी तो वर उडाला, पण कमरेएवढाच.

ती मनाशी म्हणाली, आजच्या दिवस. वारा जरा जास्तच होता. पुढच्या रविवारी वारा जास्त नव्हता, आणि तिने पुन्हा तेच केलं. मग ते तिच्या हाताला लागलं. तिकडून "मधली" आलं की इकडे लांबची, "जवळची" आलं की मधली. तो कधी बघायला आला नाही. एवढ्या लांब चालत येऊन तपासायचं कशाला, तिथे प्रिती होती.

तिची झोप परत आली. दुपारचं जेवण गोड लागायला लागलं. वर्ष गेलं, दुसरंही गेलं.

बिघडत होतं ते राजरत्नच्या बाजूने. पहिल्यांदा तो दोऱ्यांना दोष द्यायचा, मग काईटच्या जुन्या कापडाला. मग एका संध्याकाळी वाळूत बसून, फळी पालथी घालून, तो म्हणाला, "काईट तीच, वारा तोच. मीच संपलो वाटतं."

"काहीतरीच काय."

"अगं, पायातनं जोर लागतच नाय. तेव्हा कसा वर जात होतो मी! आता बेडकासारखा." तो हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांत नव्हतं. "बाबांना पण ह्याच वयात धरलं होतं ना गुडघ्यांनी."

प्रिती दोऱ्या गुंडाळत होती. सांगायला हीच वेळ बरी होती. तिचे हात चालत राहिले आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "तेल लावून देते रात्री," ती म्हणाली.

तो व्यायामाला जायला लागला. भात सोडला. डॉक्टरकडे जाऊन आला, आणि त्याच्या रक्ताचा नमुनाही प्रितीनेच काढला. रिपोर्ट सगळे चांगले आले. ते वाचून तो आणखीच खचला. दुखणं असतं तर औषध तरी असतं.

त्या डिसेंबरात हितेंद्र चार दिवसांसाठी आला. राजरत्नचं रडगाणं ऐकून त्याने आपल्या घरच्या गॅलरीतली एक पिशवी ओढून बाहेर काढली. "ही बारा मीटरची घेऊन जा. मंद वाऱ्यासाठी आहे, पण तुला जोरच कमी पडत असेल तर ह्यात भरपूर आहे. फक्त वारा वाढला की उतरायचं. नऊसारखी नाही ही, माफ करत नाही."

काईट घरी आली तेव्हा प्रितीने ती पिशवी दाराशी बघितली.

आता ह्या कोंडीतून बाहेर निघायची वाटच राहिली नाही. लांबच्या गाठीवर ती मोठी काईट जुन्या नऊसारखीच ओढायची, आणि राजरत्न पुन्हा वर जायला लागला. त्याचा चेहरा उजळला. घरात शिट्टी वाजवायला लागला. फेब्रुवारीत वारा एवढा होता की समोरच्या कोळ्यांनी होड्या वर ओढून घेतल्या, तरी हा बाराची घेऊन पाण्यात. गणपत मचाणावरून उतरून आला.

"दादा, एवढ्या वाऱ्यात एवढी मोठी?"

"जमते रे मला. वजन आहे आपल्यात." राजरत्नने छातीवर थाप मारली आणि तिकडून ओरडला, "प्रिती, लांबची!"

त्या दिवशी लांबचीच सांगितली होती त्याने. तिच्यापुढे आणखी लांब गाठ नव्हती. प्रितीने ती लावली, आणि मग पिशवीतला सुतळीचा तुकडा काढून दोन्ही फासांत अडकवून दोरी आणखी दोन बोटं लांब केली. हे असं कुणी शिकवलेलं नव्हतं. सुतळी तुटली तर काय होईल, हेही तिला ठाऊक नव्हतं.

ती तुटली नाही. तो तासभर मजेत खेळला आणि परत आला तेव्हा गणपतने त्याला मिठी मारली. "मानलं दादा!"

प्रिती बाजूला जाऊन वाळूत ओकली. उन्हामुळे, असं तिने सांगितलं.

त्या दिवसापासून तिला वारा ऐकू यायला लागला. नायगावच्या खोलीत, बंद खिडकीआड, तिला तो कळायचा. कुठे पत्रा वाजला, कुठे वाळत घातलेलं पातळ फडफडलं, की तिचं लक्ष तिकडे. एका घरी आजोबांचं रक्त काढताना पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर उडालं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची सुई चुकली. आजोबांच्या हातावर जांभळा डाग पडला. ती त्यांची पुन्हा पुन्हा माफी मागत राहिली, तेव्हा तेच घाबरले.

मे अखेरीला हितेंद्र कायमचा परत आला. एका शनिवारी संध्याकाळी तो चौपाटीवर आला आणि त्याने राजरत्नला बारा मीटरवर बघितलं. राजरत्न बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "ह्या वाऱ्यात मी सुद्धा नऊ काढली असती. तू दोऱ्या कशा लावतोस?"

"ते खातं हिचं," राजरत्न म्हणाला.

हितेंद्रने प्रितीकडे बघितलं. ती काईटमधली हवा सोडत होती. तिने मान वर केली नाही, पण गाठी तिने आधीच मोकळ्या केल्या होत्या.

"लाइन ताणल्या असतील," हितेंद्र म्हणाला. "मागच्या नाही, मधल्या ताणतात जास्त, मग उलट जोर वाढायला पाहिजे... काहीतरी गडबड आहे. उद्या मी येतो. चारही खांबाला बांधून बघू, नीट करून टाकू."

"उद्या हिची फेरी आहे दुपारी. तूच पकड मग."

"पकडतो की."

घरी जाताना प्रितीने ठरवलं, आज सांगायचं. कौसल्याबाई मनवाला घेऊन वरच्या मजल्यावर बारशाला गेल्या होत्या. खोलीत दोघंच. तिने चहा टाकला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"राज, ऐक ना. त्या दोऱ्यांचं..."

"तेच म्हणणार होतो मी." तो कपाकडे बघत बोलत होता. "मधे मला वाटलं होतं ना संपलो म्हणून. तेव्हा तू होतीस म्हणून निभावलं. दुसरी असती तर बोलली असती, बस झाली थेरं, घरी बस. तू एकदा पण नाय बोललीस." त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "मला कळत नाय असं नाय."

चहावर साय धरली. प्रिती उठली आणि तिने गॅसवर भात चढवला.

उद्या सकाळी सांगू, असं ती म्हणाली स्वतःशी. सकाळी तो लवकर बाहेर पडला, एका इमारतीची लिफ्ट बंद होती.

रविवारी दुपारची तिची फेरी प्रभादेवीला होती. जेवणानंतरची साखर तपासायला मीराबाईंकडे जायचं होतं. एका टॉवरच्या उंच मजल्यावर मुलाकडे राहणाऱ्या, कागदासारख्या कातडीच्या म्हाताऱ्या बाई. त्यांची शीर मिळणं मोठं कठीण. खिडकीशेजारच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या आणि खिडकीतून सगळा समुद्र दिसत होता.

तो तसा तिने कधी पाहिला नव्हता. रोजचा तिरका वारा नव्हताच. वारा पार फिरून नैऋत्येकडून, जवळजवळ समोरून येत होता. पाण्यावर पांढरे फेसाचे पट्टे सरळ किनाऱ्याकडे धावत होते. भरती होती, वाळूची नुसती चिंचोळी पट्टी उरली होती, आणि तिच्यामागे लगेच दगडी बांध. क्षितिजाच्या अलीकडे पाण्याचा रंग एका रेषेनंतर एकदम काळा झाला होता, आणि वादळी वाऱ्याची ती रेषा पुढे सरकत होती.

वाळूच्या पट्टीवर, नखाएवढी, निळी काईट पसरलेली होती. बारा मीटरची.

"लागतेय का गं शीर?" मीराबाईंनी विचारलं.

सुई आत होती. नळीत रक्त थेंब थेंब चढत होतं, इतकं हळू की प्रितीला ओरडावंसं वाटलं. खाली एक माणूस खांबापासून दोऱ्या सोडून घेत होता. दुसरा त्या घेऊन पाण्याच्या बाजूला चालला होता. तिने दुसऱ्या हाताने राजरत्नला फोन लावला. वाजत राहिला. त्याचा फोन पिशवीत असणार.

"तुझं लक्ष कुठाय बाळा?"

"झालंच आजी. झालंच. हलू नका."

तिने सुई काढली, कापूस दाबला, मीराबाईंचाच अंगठा त्यावर ठेवला आणि नळी तशीच पेटीत टाकून ती पळाली. रस्त्यावर धुळीचे लोट उठले होते, दुकानदार फळकुटं आवरत होते. कीर्ती कॉलेजच्या गल्लीतून ती धावली तेव्हा वारा समोरून तिला मागे ढकलत होता.

बांधावर गणपत उभा होता. त्याने लाल बावटा लावलेला होता. "सांगितलं मी त्यांना, वहिनी! बोलतात, एकच चक्कर, दोरी टेस्ट करायचीय!"

ती पायऱ्या उतरली. हितेंद्र काईट धरून उभा होता, वाऱ्याने ती त्याच्या हातात थडथडत होती. पलीकडे, पाण्यात गुडघाभर, राजरत्न. मागच्या दोन्ही दोऱ्या नीट सारख्या केलेल्या, मधल्या गाठीला व्यवस्थित आवळलेल्या. तिला लांबूनच दिसलं. अगदी पुस्तकात असतात तशा. राजरत्नने दांडी पुन्हा चाचपली आणि अंगठा वर केला. तीन वर्षं ज्या जोराने त्याला नेलं, तो तर तिने अर्धा करून दिलेला होता. त्याच्या अंगाला तेवढाच ठाऊक होता.

"सोडू नका!" ती ओरडली. "कॅप्टन, सोडू नका!"

हितेंद्रला काहीतरी ऐकू आलं. तो वळला. वळताना काईटची कड जरा खाली गेली, आणि त्याच क्षणी ती काळी रेषा किनाऱ्याला पोचली. काईट त्याच्या हातातून हिसकावली गेली.

ती वर चढली नाही, उडाली. राजरत्न पाण्यातून उपसल्यासारखा निघाला. जानेवारीतल्या त्या दिवशी तो जिथे थांबला होता, त्याच्याही वर गेला, आणि ह्या वेळी थांबला नाही. प्रितीच्या डोक्यावरून तो गेला. तिने त्याचा चेहरा बघितला. घाबरलेला नव्हता, नवल वाटल्यासारखा होता. पोटाशी असलेली लाल बोंडी ढकलली की काईट सुटते, आणि त्याचा हात तिच्यावरच होता. पण तेवढ्या उंचीवरून सुटायचं म्हणजे दगडांवर पडायचं. त्याने खाली बघितलं. तेवढ्यात बांध आला.

गणपतने अँब्युलन्स बोलावली. परळच्या एका हॉस्पिटलात राजरत्नच्या मांडीत सळई घातली, खांदा बांधला. दोन दिवस तो शुद्धीवर यायचा आणि परत जायचा.

हितेंद्र बाहेरच्या बाकावर बसून असायचा. कौसल्याबाई त्याच्याकडे बोट करून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हाच तो. ह्यानेच दिली ती अवदसा. ह्यानेच बांधली." तो ऐकून घ्यायचा. दाढी वाढली होती. एकदा प्रिती चहा घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "मी वळलो. वळायला नको होतं. आणि लाइन... मी नीट केल्या होत्या प्रिती. मला अजून कळत नाही, तो एवढे दिवस त्या काईटवर उभा कसा राहत होता."

तिला गप्प बसता आलं असतं. सगळं जग त्यालाच दोष देत होतं, आणि तो घेत होता. चहाचा कप त्याच्या हातात देताना तिला कळलं की हे असंच चालू दिलं तर मरेपर्यंत चालेल.

"आत चला," ती म्हणाली.

राजरत्न जागा होता. प्रिती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. पहिला रविवार, लांबची गाठ, सुतळीचा तुकडा. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. हितेंद्रने भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

राजरत्नने छताकडे बघतच विचारलं,

"किती दिवस?"

"तीन वर्षं होऊन गेली."

"म्हणजे," तो हळूहळू म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळून लगेच विझलं, "म्हणजे माझी ताकद गेली नव्हती."

"नाही."

"मी भात सोडला होता."

प्रितीने त्याच्या पायावरची चादर सरळ केली.

"जा तू आता," तो म्हणाला.

घरी आणल्यावर तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. पाणी दे, उशी सरकव. तिचा हात धरून उठायचा, कारण त्याला पेलणारा दुसरा हात घरात नव्हता. कौसल्याबाईंना खरं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, पण त्या दोघांकडे आळीपाळीने बघायच्या आणि मनवाला घेऊन गॅलरीत बसायच्या. पाय सुधारला तसा तो कामावर गेला, आधी लिफ्टच्या शाफ्टमध्ये न उतरता, मग उतरून. किंचित लंगडायचा. बारा मीटरची काईट फाटली होतीच. नऊची माळ्यावर होती.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने ती खाली काढली. तो गणपतला सोबत घेऊन जायला लागला. प्रिती मागून जायची, बांधाच्या पायरीवर बसायची. तो आता दोन्ही टोकं स्वतःच करायचा. लंगडत काईटपाशी यायचा, गाठी लावायचा, ओढून बघायचा, लंगडत परत जायचा. गणपत फक्त धरायचा.

एका दुपारी पलीकडे कुणी पोरं खोल गेली आणि गणपत शिट्टी फुंकत तिकडे धावला. काईट वाळूत एकटीच पडून राहिली, उडू नये म्हणून वर वाळू टाकलेली. वारा वाढत होता. राजरत्नने इकडेतिकडे बघितलं आणि मग पायरीकडे.

"येतेस?"

ती उठली. तिने काईटवरची वाळू झटकली, कड उचलली आणि ती वाऱ्याला उभी धरली. मागच्या दोरीचा फास तिच्या डोळ्यांसमोर होता, वीतभर अंतरावर. जवळच्या गाठीला. ह्या वाऱ्याला मधलीही जास्त झाली असती. तो तिकडे पाठमोरा पाण्यात उतरत होता. दोन्ही फास सरकवायला तिच्या बोटांना किती वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं.

"राज," ती ओरडली, "जवळची लावलीयस! वारा वाढतोय!"

तो वळला. "माहीत आहे!"

"लांबची करू?"

त्याने काईटकडे बघितलं, मग तिच्याकडे. वाऱ्याने त्याच्या दांडीच्या दोऱ्या गुणगुणत होत्या.

"नको," तो म्हणाला, आणि अंगठा वर केला.

प्रितीने काईट सोडली. ती फटकन वर गेली आणि तो तिच्यामागे.

तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. ओठ निळे पडले होते, दुखरा पाय ओढत होता. दोघांनी मिळून दोऱ्या गुंडाळल्या, पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी. प्रितीने डाव्या मागच्या दोरीवर बोट थांबवलं. साल निघालेली होती. तिने ती जागा त्याला दाखवली.

त्याने वाकून बघितलं, अंगठ्याने चाचपलं आणि दोरी तशीच पिशवीत कोंबली.

"उद्या वारा ह्याच्यापेक्षा जास्त आहे म्हणतात," तो म्हणाला.